राष्ट्रीय संग्रहालय, दिल्ली: मुलांना घेऊन गाइडसोबत फिरताना

दिल्लीच्या सहलीत दोन ठिकाणांच्या मध्ये दीड-दोन तास उरले, म्हणून जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरणारी कुटुंबं पुष्कळ असतात. संग्रहात सुमारे दोन लाख वस्तू आहेत. मधलं गोल अंगण आणि त्याभोवती तीन मजल्यांची दालनं अशी ही १९६० सालची इमारत आहे. एवढ्या वेळात सगळं बघायचं ठरवलं तर मुलं दुसऱ्या दालनापासूनच 'अजून किती राहिलंय' विचारायला लागतात. गाइड घेण्यात अर्थ आहे तो यासाठीच. त्यानं काय दाखवलं यापेक्षा काय गाळलं, यावर फेरी चांगली की वाईट ते ठरतं.

इथे संग्रहालयाच्या गाइडची फेरी मिळते, स्वयंसेवक मार्गदर्शकांचीही मिळते. वेळा आणि वार बदलत असतात, म्हणून तिकीट काढतानाच खिडकीवर दोन गोष्टी विचाराव्यात: पुढची फेरी किती वाजता आणि कोणत्या भाषेत, आणि आज कोणती दालनं बंद आहेत. दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि वरच्या मजल्यावर जाऊन कुलूप बघून परत येतात. सोमवारी संग्रहालय बंद असतं. ऑडिओ गाइड हिंदी-इंग्रजीत आहे. मोठ्यांना तो उत्तम, पण दहाच्या आतल्या मुलांना अजिबात देऊ नये. कानात आवाज सुरू झाला की मूल प्रश्न विचारायचं थांबतं, आणि या वयात प्रश्न हाच तर सगळा खेळ असतो.

सुरुवात हडप्पा दालनापासून होते आणि पहिली अडचणही तिथेच येते. मोहेंजोदारोची कांस्य नर्तकी फक्त १०.५ सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे मोठ्या माणसाच्या हाताच्या बोटापेक्षा थोडीच मोठी. पशुपती मुद्रा, म्हणजे प्राण्यांच्या मधोमध बसलेली आकृती कोरलेला शिक्का, त्याहून लहान, जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची. वीस जणांच्या गटात मागे उभ्या राहिलेल्या मुलाला पुढच्यांच्या पाठीच दिसतात. गट आठ-दहाच्या वर गेला असेल तर गाइडला सरळ सांगावं की मुलांना आधी पुढे येऊ द्या आणि माहिती नंतर सांगा. चांगला गाइड स्वतःच काचपेटीच्या बाजूला सरकतो आणि मुलांना बांगड्या मोजायला लावतो. डाव्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत चोवीस-पंचवीस, उजव्या हातात चारच. असं का, यावर मुलं पाच मिनिटं भांडू शकतात. 'नर्तकी' हे नाव उत्खनन करणाऱ्यांच्या अंदाजातून आलेलं आहे. १९२६ साली सापडलेल्या या मूर्तीची पावलं तुटलेली आहेत, आणि ती नाचतेय असं सांगणारा कोणताही कोरीव लेख सोबत मिळालेला नाही. हे जो गाइड सांगतो, त्याच्यामागे पुढची दालनं निर्धास्त फिरावं. जो फक्त सन आणि नाव सांगून पुढच्या पेटीकडे वळतो, त्याला नम्रपणे सोडून आपापलं बघितलेलं बरं.

मूर्ती कशी ओतली, हे सांगण्याची जागाही हीच. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तो वाळला की तापवून मेण वितळवून बाहेर काढायचं, त्या पोकळीत कांस्याचा रस ओतायचा आणि शेवटी साचा फोडायचा. साचा फुटतो म्हणून तशीच दुसरी मूर्ती त्यातून निघत नाही. एवढं कळलं की पुढे दक्षिणेकडच्या कांस्यमूर्तींपाशी मुलं आपणहून म्हणतात, हीपण मेणाचीच होती ना? दोन दालनांमधलं हे नातं फेरीत जोडलं गेलं नाही, तर प्रत्येक दालन सुटं पडतं.

याच संग्रहात मोहेंजोदारोच्या एका मण्यांच्या हाराचा अर्धा भाग आहे. फाळणीच्या वेळी वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा हार तोडून मणी दोन देशांत वाटले गेले. आठवी-नववीच्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातली फाळणी जितकी भिडत नाही, तितका हा अर्धा हार भिडतो. दागिन्यांचं दालन उघडं असेल तर फेरीत नसलं तरी गाइडला त्याबद्दल विचारावं.

लघुचित्रांच्या दालनात बहुतेक गाइड घाई करतात, आणि खरं तर इथेच सर्वांत जास्त थांबायला हवं. प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण कागदावरचे रंग उजेडानं कायमचे फिकटतात. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर 'काही दिसत नाही' म्हणून मुलं निघून जातात आणि पालक मोबाइलचा टॉर्च काढतात. टॉर्च किंवा फ्लॅश अजिबात वापरायचा नाही. त्याऐवजी एक साधं भिंग सोबत न्यावं. चित्रं मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेली असल्यानं खालून बघणाऱ्या मुलाला काचेवरची चकाकीच दिसते. लहानग्याला उचलून घ्यावं किंवा थोडं तिरकं उभं करावं. बसोहली शैलीचं (जम्मूकडच्या डोंगरी भागातल्या चित्रशैलीचं) चित्र मिळालं तर दागिन्यांमधले हिरवे ठिपके बाजूनं न्याहाळा: पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखाच्या कवचाचे तुकडे चिकटवलेले असतात. समोरून ते काळपट दिसतात, मान झुकवली की चमकतात. एवढी एक गोष्ट दाखवली की पुढची दहा चित्रं मुलं स्वतः तपासतात. दुसरा हमखास जमणारा खेळ म्हणजे एकाच चित्रात तीच व्यक्ती दोनदा शोधणं. गोष्टीतले दोन प्रसंग चित्रकार एकाच चौकटीत मांडतो, हे मुलांना सांगण्याआधीच सापडतं.

कुटुंबांसाठी इथली सर्वांत मोलाची सोय म्हणजे 'अनुभव' हे स्पर्शदालन. दृष्टिहीनांसाठी २०१५ मध्ये ते सुरू झालं. संग्रहातल्या निवडक वस्तूंच्या बावीस प्रतिकृती हातानं चाचपून बघता येतात, सोबत ब्रेल फलक आहेत. नेहमीच्या फेरीत याचा उल्लेख होतोच असं नाही, म्हणून कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावं. डोळस मुलांनी आधी डोळे मिटून हात फिरवावा, काय वाटलं ते सांगावं, आणि मग मूळ वस्तू बघावी. क्रम उलटा केला तर मजा जाते. कुणी दृष्टिहीन व्यक्ती तिथे असेल तर जागा आधी त्यांची, हे मुलांना दारातच सांगून ठेवावं.

वाद्यांचं दालन (सरोदवादक शरनरानी बाकलीवाल यांनी दिलेला संग्रह) आणि शस्त्रांचं दालन वर आहे. मुलगे तलवारींकडे ओढले जातात. ते शेवटी ठेवावं, नाहीतर आधीच्या कशातच लक्ष राहत नाही.

वेळेचा हिशेब असा: सहा ते आठ वर्षांच्या मुलांना चाळीस मिनिटं आणि चार वस्तू, दहा-बारा वर्षांच्यांना सव्वा तास आणि मध्ये अंगणात बसायला दहा मिनिटं. पूर्ण फेरी लांबणार असेल तर मध्येच बाहेर पडण्यात काही गैर नाही, फक्त गाइडला आधी सांगावं. चित्र काढायला पेन्सिल आणि पुठ्ठ्याची वही न्या, शाईचं पेन नको. मोठ्या बॅगा क्लोकरूममध्ये ठेवाव्या लागतात, म्हणून भिंग आणि पेन्सिल आधीच खिशात काढून ठेवा. भारतीय प्रौढांना तिकीट २० रुपये आहे, म्हणजे उरलेली दालनं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊन बघणं सहज परवडतं. केंद्रीय सचिवालय मेट्रो स्थानकावरून चालत येता येतं.