ड्रूल्समध्ये मॅपवर नियम लिहिताना: काय चालतं, कुठे अडतं

ड्रूल्स हे जावामध्ये नियम चालवणारं इंजिन आहे. बाहेरून जेसन स्वरूपातला डेटा येतो, जॅक्सन ही जावा लायब्ररी त्याचा मॅप (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या) करून देते आणि तो मॅप जसाच्या तसा ड्रूल्सच्या सेशनमध्ये, म्हणजे नियम चालतात त्या सत्रात, इन्सर्ट करता येतो. जावा क्लास लिहायला नको, नवीन फील्ड आलं म्हणून पुन्हा बिल्ड करायला नको. ड्रूल्सकडे वळणाऱ्या बऱ्याच टीम ही सोय बघूनच सुरुवात करतात. सोय खरी आहे, पण तिची किंमत नियमांची संख्या वाढल्यावर कळते. या वापरापुरतं आमचं मत असं: मॅप एखाद्या टाइप असलेल्या फॅक्टच्या (नियम ज्यावर तपासले जातात त्या ऑब्जेक्टच्या) पोटात ठेवलात तर ड्रूल्स उत्तम काम करतं. उघडा मॅपच फॅक्ट म्हणून दिलात, तर ज्या गुणांसाठी हे इंजिन निवडलं तेच गुण हातचे जातात.

आधी जमेची बाजू. डीआरएलमध्ये, म्हणजे ड्रूल्सचे नियम लिहायच्या भाषेत, मॅपची व्हॅल्यू वाचायचं लेखन छोटं आणि वाचनीय आहे. पॅटर्नमध्ये, म्हणजे नियमाच्या अटीत, मॅप( धिस["प्रकार"] == "ऑर्डर" ) एवढं लिहिलं की झालं. व्हॅल्यू डॉलर चिन्हाच्या व्हेरिएबलमध्ये बांधून पुढच्या पॅटर्नला देता येते. कीच्या नावात हायफन, टिंब, स्पेस काहीही असलं तरी चौकटी कंसातल्या अवतरणात ते खपतं. पॅटर्नमध्ये हॅशमॅप न लिहिता मॅप हा इंटरफेसच लिहावा. जॅक्सन देतो तो लिंक्डहॅशमॅप हॅशमॅपचाच उपवर्ग असल्यामुळे जुळतो, पण उद्या कोणी ट्रीमॅप दिला किंवा मॅप डॉट ऑफ वापरून बनवलेला मॅप दिला, तर हॅशमॅपवर लिहिलेला नियम काहीही न सांगता गप्प बसतो.

हे गप्प बसणंच सगळ्यात मोठं दुखणं आहे. क्लासवरच्या नियमात फील्डचं नाव चुकलं तर नियम कंपाइलच होत नाही आणि चूक तिथल्या तिथे सापडते. मॅपमध्ये कीचं नाव ही नुसती स्ट्रिंग असते. "रक्कम" ऐवजी "रकम" लिहिलंत तर कंपाइल नीट होतं, सेशन नीट चालतं, नियम मात्र कधीच लागत नाही. नॉट असलेल्या पॅटर्नमध्ये हीच चूक उलटी आणि जास्त घातक ठरते. "पेमेंटचा मॅप नसेल तर ऑर्डर अडवा" अशा नियमात कीचं नाव चुकलं, तर जुळणारा मॅप कधीच सापडत नाही आणि प्रत्येक ऑर्डर अडवली जाते. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: डीआरएल फाइलींमधून चौकटी कंसातली सगळी नावं रेग्युलर एक्स्प्रेशनने काढायची, जेसनच्या स्कीमाशी ताडून बघायची आणि न जुळणारं नाव दिसलं तर बिल्ड पाडायचा. ही तपासणी नसेल तर मॅपवर मोठा नियमसंच उभा करू नये, असं आम्ही ठामपणे म्हणू.

दुसरं दुखणं टाइपचं. मॅपमधून बाहेर येणारी प्रत्येक व्हॅल्यू इंजिनच्या नजरेत ऑब्जेक्ट असते. जॅक्सन जेसनमधला १०० हा आकडा इंटिजर करतो, १००.५ हा डबल करतो आणि २१४७४८३६४७ च्या वर गेलेला पूर्णांक लाँग करतो. म्हणजे एकाच कीखाली आज इंटिजर, उद्या डबल, परवा लाँग. इंटिजरला कास्ट करून, म्हणजे व्हॅल्यू इंटिजरच आहे असं धरून, लिहिलेला नियम टेस्टमध्ये छान चालतो आणि पहिल्या अपूर्णांकाला क्लास कास्ट एक्सेप्शन देऊन पडतो. म्हणून कास्ट नंबरला करावा आणि मग लाँगव्हॅल्यू किंवा डबलव्हॅल्यू मागावी. दोन मॅप आयडीवर जोडताना तर जास्तच जपावं, कारण जावामध्ये इंटिजर ५ आणि लाँग ५ यांना इक्वल्स विचारलं तर उत्तर नाही असं येतं. पैशांचे आकडे असतील तर जॅक्सनला अपूर्णांक बिगडेसिमलमध्ये वाचायला सांगणारी सेटिंग सुरुवातीलाच चालू करा.

जुन्या पद्धतीत एमव्हीईएल (अटी चालवणारी एक्स्प्रेशन भाषा) टाइपची अशी बरीच रूपांतरं स्वतःच करून टाकायचं. एक्झिक्युटेबल मॉडेल या नव्या पद्धतीत अटींचा जावा कोड तयार होतो आणि तिथे टाइपची शिस्त जास्त कडक आहे. त्यामुळे जुने, कास्ट न केलेले मॅपचे नियम नव्या आवृत्तीवर नेताना वेळ जातो. आज नवीन लिहित असाल तर कास्ट पहिल्या दिवसापासून लिहा.

की मुळात नसेल तर नल (काहीच नाही) येतो, की असून तिची व्हॅल्यू नल असेल तरी नलच येतो. बहुतेक वेळा दोन्हींचा अर्थ एकच धरला तरी चालतं, तेव्हा आकड्याच्या तुलनेआधी "नल नाही" ही अट लिहून मोकळं व्हावं. फरक महत्त्वाचा असेल, म्हणजे "ग्राहकाने उत्तर दिलं नाही" आणि "प्रश्नच विचारला नव्हता" या दोन गोष्टी वेगळ्या असतील, तर की आहे की नाही हे सांगणारं कंटेन्सकी वापरा. मॅपच्या आत मॅप असेल तर नियमात दोनदोन पायऱ्या उतरत बसू नका. इन्सर्ट करण्याआधी जावामध्येच तो सपाट करून "पत्ता.शहर" अशी एकच की बनवा. नल आणि कास्टचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

आता बदलांविषयी, कारण खरी गुंतागुंत इथे आहे. नियमाच्या देन भागात, म्हणजे अट जुळल्यावर करायच्या कामात, नुसतं पुट केलं तर मॅप बदलतो, पण इंजिनला त्याचा पत्ता नसतो. त्या बदलाची वाट बघणारे नियम लागत नाहीत. म्हणून मॉडिफाय वापरलं, तर मॅप बदलल्याची वर्दी जाते आणि ज्या नियमाने बदल केला तोच पुन्हा जुळतो. सेशन गोल फिरत राहतं. नो-लूप लावल्याने फक्त स्वतःच्या बदलाने स्वतः पुन्हा लागणं थांबतं. दोन नियम एकमेकांना जागं करत असतील तर नो-लूपचा उपयोग नाही. ड्रूल्स ७ पासून प्रॉपर्टी रिॲक्टिव्हिटी मुळातच चालू असते, म्हणजे बदललेल्या प्रॉपर्टीवर अवलंबून असलेले पॅटर्नच पुन्हा तपासले जातात. पण मॅपची की म्हणजे प्रॉपर्टी नव्हे, त्यामुळे उघड्या मॅपला हा बारीक भेद मिळत नाही. असं चक्र शोधताना नियम चालवणाऱ्या फायर ऑल रूल्सला १०० सारखी मर्यादा द्या आणि अजेंडा इव्हेंट लिसनर लावून कोणता नियम किती वेळा लागला ते छापा. चक्र लगेच दिसतं.

यातूनच आमची शिफारस निघते. डीआरएलमध्येच डिक्लेअर वापरून ऑर्डर नावाचा टाइप बनवा. त्यात आयडी, प्रकार, निर्णय आणि सवलत ही खरी फील्ड ठेवा आणि डेटा नावाचा एक मॅप ठेवा. बाहेरून आलेलं सगळं डेटामध्ये जाईल आणि नियम ते फक्त वाचतील. नियम जे ठरवतील ते निर्णय आणि सवलत या फील्डमध्येच लिहितील. डेटा["रक्कम"] तपासून सेटनिर्णय करणारा नियम पुन्हा स्वतःवर उलटत नाही, कारण तो ज्या प्रॉपर्टीवर अवलंबून आहे ती बदललेलीच नसते. मॅपची लवचिकता टिकते आणि चक्रही टळतं. जावाच्या बाजूने हा टाइप गेट फॅक्ट टाइपने मिळवून भरता येतो, वेगळा क्लास लागत नाही.

वेगाच्या दृष्टीनेही हेच बरं. उघडे मॅप असले तर सेशनमधला प्रत्येक मॅप प्रत्येक मॅप-पॅटर्नपाशी येतो, मग तो ऑर्डरचा असो वा पत्त्याचा. टाइप असेल तर इंजिन पहिल्याच पायरीवर वाट वेगळी करतं. एकाच खऱ्या फील्डवर समानतेच्या तीन किंवा जास्त अटी असल्या तर ड्रूल्स त्यांचं हॅशिंग करतं आणि एकेक अट तपासत बसत नाही. मॅपच्या कीवर हा फायदा गृहीत धरू नका. ज्या दोनचार गोष्टींवर बहुतेक नियम फाटे फोडतात त्यांना मॅपमधून काढून फील्ड बनवा.

मॅपमधल्या सगळ्या जोड्यांवर फिरायचं असेल तर एंट्रीचा पॅटर्न लिहून फ्रॉमने एंट्रीसेटमधून घ्यावा. चालतं, पण त्या एंट्री वर्किंग मेमरीतल्या (सेशनमध्ये इन्सर्ट केलेल्या) फॅक्ट नसतात, त्यामुळे त्यांच्यात बदल करून दुसरा नियम जागा होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

शेवटचा एक सापळा इक्वॅलिटी मोडचा. मुळात ड्रूल्स फॅक्ट ओळखतं ते ऑब्जेक्टच्या ओळखीवरून आणि मॅपसाठी तेच योग्य आहे. इक्वॅलिटी मोड चालू केलात तर सारखा मजकूर असलेले दोन मॅप एकच फॅक्ट मानले जातात. शिवाय हॅशमॅपचा हॅशकोड, म्हणजे नोंदीत जागा शोधायला वापरला जाणारा आकडा, त्यातल्या मजकुरावर ठरतो, म्हणजे पुट केलं की हॅशकोडही बदलतो आणि इंजिनच्या नोंदीत तो फॅक्ट जुन्या जागी राहतो. मॅप थेट इन्सर्ट करणाऱ्या प्रोजेक्टमध्ये ही सेटिंग चालू दिसली तर आधी ती बंद करा, बाकी चुका नंतर शोधा.