सुटे भाग जुळतात का: संकेतस्थळ, उत्पादकाची यादी की दुकानदार?

संगणकाचे सुटे भाग एकमेकांशी जुळतात की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी तपासायचे तर तीन मार्ग हाताशी असतात: पीसीपार्टपिकरसारखे संकेतस्थळ, मदरबोर्ड उत्पादकाने प्रसिद्ध केलेली, त्यावर चालणाऱ्या प्रोसेसर आणि रॅमची यादी आणि दुकानदार. तिघांची पारख करण्यासाठी एकच जोडणी समोर ठेवू: इंटेलचा कोअर आय५-१४४००एफ प्रोसेसर, बी६६० चिपसेटचा (म्हणजे त्या नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड आणि जुन्या संगणकातून काढलेली डीडीआर४ रॅम.

पीसीपार्टपिकरवर भारतासाठी स्वतंत्र विभाग आहे. भाग निवडत गेले की सॉकेट (प्रोसेसर बसण्याची जागा), रॅमचा प्रकार, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि एकूण वीजवापराचा अंदाज यांची पडताळणी आपोआप होत जाते. बी६६० मदरबोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन प्रकारांत मिळतात, कित्येकदा नावात ‘डी४’ एवढाच फरक असतो, आणि एका प्रकारची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही. ही चूक येथे लगेच उघडी पडते. मात्र बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरच्या, बाबतीत हे संकेतस्थळ ‘अपडेट लागू शकेल’ इतकेच सांगून थांबते.

आपल्या जोडणीत नेमकी तीच मेख आहे. बी६६० जानेवारी २०२२ मध्ये बाराव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आला, १४४००एफ जानेवारी २०२४ मध्ये. दोघांचा सॉकेट एलजीए १७०० हाच असल्याने प्रोसेसर व्यवस्थित बसतो, पण मदरबोर्डवर जुना बायोस असेल तर संगणक सुरू होत नाही. कोणत्या आवृत्तीपासून हा प्रोसेसर चालतो, हे उत्पादकाच्या यादीत त्या मॉडेलपुढे स्पष्ट लिहिलेले असते, म्हणून याबाबत मी तिचाच शब्द अखेरचा मानतो. रॅमची यादी इतकी काटेकोरपणे घेण्याचे कारण नाही; एखादी रॅम त्यात नसेल, तर उत्पादकाने ती तपासलेली नाही एवढाच अर्थ होतो. मदरबोर्डची पुस्तिकाही चाळावी, कारण एम.२ ही छोट्या एसएसडीची खाच वापरल्यावर काही मदरबोर्डांवर हार्ड डिस्क जोडण्याचा एखादा साटा पोर्ट बंद पडतो, हे तिथेच कळते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा मुरलेला दुकानदार यादी न उघडता पहिला प्रश्न विचारेल, “ग्राफिक्स कार्ड कुठलं घेताय?” कारण नावातील ‘एफ’चा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. शिवाय तो बायोस अपडेट करून देऊ शकतो. मदरबोर्डवर प्रोसेसरशिवाय, पेनड्राइव्हवरून अपडेट करण्याची सोय नसेल, तर त्यासाठी बाराव्या पिढीचा एखादा प्रोसेसर लागतो आणि तो घरी कोणाकडे असणार? अर्थात, दुकानात जो माल पडून आहे तोच तुमच्यासाठी उत्तम ठरण्याची शक्यता येथे कायम असते.

कॅबिनेटची मापे मात्र स्वतःच तपासावीत. पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा २७ मिलिमीटर जाडीचा रेडिएटर आणि २५ मिलिमीटरचे पंखे बसवले, तर ग्राफिक्स कार्डासाठी छापलेल्या लांबीतून बहुतेक कॅबिनेटांत तेवढी, म्हणजे ५२ मिलिमीटरपर्यंत, जागा कमी होते.

सर्व भाग नवे आणि एकाच पिढीचे असतील, तर संकेतस्थळ पुरेसे आहे. प्रोसेसर मदरबोर्डपेक्षा नंतरचा असेल, तर उत्पादकाची यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. पेनड्राइव्हवरून अपडेटची सोय नसलेला मदरबोर्ड घ्यायचाच असेल, तर तो प्रोसेसरसह एकाच दुकानातून घ्यावा, बायोस तिथेच अपडेट करून मागावा आणि त्याची आवृत्ती बिलावर लिहून घ्यावी.