फॉरेक्स कार्ड आणि दुबईच्या दोन फेऱ्या: सात महिन्यांचा हिशेब

फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशातल्या खर्चासाठी आधीच परकी चलन भरून न्यायचं कार्ड, चाललं नाही ते रात्री साडेदहाला, दुबईतल्या करामामधल्या औषधांच्या दुकानात. मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. बाळ अकरा दिवसांचं, घरातले डायपर संपलेले, बिल अवघं ५८ दिरहम. दुकानातल्या मुलाने दोनदा कार्ड लावून पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "आंटी, बॅलन्स नहीं है." माझ्या वहीप्रमाणे कार्डावर ३६ डॉलर होते आणि ५८ दिरहमला १६ डॉलरसुद्धा लागत नाहीत. पर्समध्ये रोख होती म्हणून त्या रात्री निभावलं.

मी २८ वर्षं पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या आहेत. बेरीज चुकली असेल हे मनाला पटेना. घरी आल्यावर कपाटातलं भारतातलं सिम काढून फोनमध्ये घातलं. पाच आठवड्यांचे मेसेज एकदम आले आणि मी वही घेऊन बसले. शिल्लक खरंच २ डॉलर २६ सेंट होती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. दिरहमचा डॉलरशी भाव १९९७ पासून बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५ दिरहम. रोज बदलणारा भाव नाही, त्यामुळे मध्ये कुणी किती कापलं हे शाळेतलं पोरही काढू शकतं. सुपरमार्केटचं एक बिल होतं १४६.९० दिरहमचं. भागाकार केला तर बरोबर ४० डॉलर येतात, वर एक सेंटही नाही. कार्डावरून गेले होते ४१.४०. दुसरं बिल पाहिलं, तिसरं पाहिलं, सगळीकडे तेच. शंभराला साडेतीन.

म्हणजे झालं होतं असं. कार्ड घेताना शाखेतले म्हणाले, "काकू, डॉलर भरा, डॉलर जगात कुठेही चालतो." चालतो हे खरं. पण कार्डात डॉलर आणि दुकानाचं बिल दिरहममध्ये, की प्रत्येक वेळी चलनबदलाचं शुल्क लागतं. मी ९६४ डॉलरचा खर्च केला, त्यावर पावणेचौतीस डॉलर असे गेले. दिरहममध्ये जवळजवळ १२४. मेट्रोच्या एका झोनमधल्या प्रवासाला ३ दिरहम पडतात, म्हणजे माझ्या एक्केचाळीस फेऱ्या झाल्या असत्या. त्याच कार्डात दिरहम भरायची सोय होती. फॉर्मवर डॉलर, युरो, पौंडाच्या खाली दिरहमचा रकाना होता. माझं तिकीट दुबईचं आहे हे समोर दिसत असताना तो रकाना मला कुणी दाखवला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

भांडायचं ठरवलं, पण फोन कुठून करणार? कार्डामागचा टोल फ्री नंबर भारताबाहेरून लागेना. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवरून मेसेज जातात, फोन होत नाही. घरच्यांशी बोलायला आम्ही बोटिम हे फोन करायचं अ‍ॅप वापरत होतो, पण हेल्पलाइन काही बोटिमवर नसते. शेवटी मुलीच्या मोबाइलवरून आंतरराष्ट्रीय कॉल लावला, बावीस मिनिटं. उत्तर एकच, अटींमध्ये लिहिलं आहे. नंतर अटी वाचल्या. लिहिलं आहे, सोळाव्या पानावर.

म्हणून जाणाऱ्यांनी एवढं कराच. भारतातलं सिम रोमिंग चालू ठेवून फोनमध्येच ठेवा, कपाटात नको. कार्डात ऑनलाइन पैसे भरायचे तर ओटीपी त्यावरच येतो, आणि प्रत्येक खरेदीचा मेसेज त्याच दिवशी पाहिला असता तर मला पाच आठवडे लागले नसते. परदेशातून लागणारा हेल्पलाइनचा नंबर निघण्यापूर्वी वहीत लिहून घ्या.

दुसरी गोष्ट मशीनची. मीना बझारमध्ये बाळासाठी दुपटी घेतली तेव्हा मी माझं नेहमीचं डेबिट कार्ड दिलं. मशीनला कार्ड भारतातलं आहे हे कळतं. पडद्यावर दोन आकडे येतात, एक रुपयांत आणि एक दिरहममध्ये. रुपयांतला आकडा ओळखीचा म्हणून हात तिकडे जातो. तो दाबायचा नाही. तो भाव दुकानाच्या बाजूने लावलेला असतो आणि महाग पडतो. कधी दुकानदार आपल्याला न विचारताच रुपये दाबून मोकळा होतो, तेव्हा मशीन त्याच्या हातात असतानाच "दिरहम" म्हणायचं. एटीएममध्येही हाच प्रश्न येतो आणि तिथे चलनबदल नको असंच निवडायचं. शिवाय तिथलं मशीन स्वतःचं शुल्क वेगळं लावतं, म्हणून दोनशे दोनशे काढत बसू नये.

रोख मात्र थोडी लागतेच. बर दुबईहून देऱ्याला खाडी ओलांडणारी साधी अब्रा, म्हणजे लाकडी होडी, अजून १ दिरहममध्ये नेते आणि तो दिरहम होडीवाल्याच्या हातात द्यायचा असतो. नाण्यावर त्यांची कॉफीची किटली आहे. मी तशी सुट्टी नाणी एका डबीत साठवायचे. पाच मिनिटांचा प्रवास, बाकावर सगळे पाठीला पाठ लावून बसतात. संध्याकाळी खाडीवरचा वारा लागला की दिवसभराचं जागरण उतरायचं. उलट बसमध्ये रोख घेतच नाहीत, नोल कार्ड, म्हणजे बस-मेट्रोच्या भाड्याचं कार्ड लागतं. चंदेरी नोल २५ दिरहमचं, त्यात १९ वापरायला मिळतात. नोलमध्ये साडेसात दिरहम नसतील तर मेट्रोचं फाटक उघडत नाही. स्टेशनच्या खिडकीवर किमान ५० भरावे लागतात, म्हणून परतीच्या आठवड्यात बेताने भरा.

मेट्रोबद्दल मला तक्रार नाही, उलट कौतुक आहे. बायकामुलांचा डबा वेगळा असतो, जमिनीवर गुलाबी पट्टी असते. संध्याकाळी बर्जुमान स्टेशनला एवढी गर्दी, पण पट्टीच्या अलीकडे सगळ्या बायकाच. कुणाचा धक्का नाही की कुणाचं टक लावून बघणं नाही. एकटी फिरणारी बाई म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटलं. पुरुष त्या डब्यात शिरला तर १०० दिरहम दंड. चंदेरी कार्डावर गोल्डच्या, म्हणजे जास्त भाड्याच्या डब्यात बसलं तरी तेवढाच. खाणंपिणं, अगदी च्युइंग गम चघळणंसुद्धा दंडाचं, त्यामुळे नातवंडांच्या हातात बिस्कीट देऊ नका. विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ वरून मेट्रो मिळते, २ वरून नाही. स्वस्त तिकीट घेताना टर्मिनल बघा, कारण विमानतळावरच्या टॅक्सीचं मीटर २५ दिरहमपासूनच सुरू होतं.

आणि बाळंतपणाला जाणाऱ्या आयांसाठी: खसखस नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थांत धरतात, थोडीशीसुद्धा चालत नाही. आपल्या डिंकाच्या लाडवात ती असतेच, अनारसे तर खसखशीवरच थापतो. मी ऑक्टोबरमध्ये गेले, दिवाळीचा फराळ बरोबर होता. लाडू खसखशीशिवाय वळले आणि अनारसे पांढऱ्या तिळावर थापले. मुलीला ते तसेच आवडले. मसाल्याची पाकिटंही वाचून घ्या, त्यातही खसखस असते. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर ते घरीच राहू दे, बाकीच्या औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

डिसेंबरमध्ये सांगलीला परतले तेव्हा हे कार्ड कुणी घेऊ नये असंच लिहिणार होते. शाखेत गेले, वही ठेवली, १४६.९० चं बिल ठेवलं. पैसे परत मिळाले नाहीत. पण तिथल्या एका तरुण मुलीने वही नीट पाहिली, म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी दिरहमच भरा, मी स्वतः भरून देते."

मार्चमध्ये बाळाला पाहायला पुन्हा गेले, या वेळी दिरहम भरून. भरतानाचा भाव गूगलवरच्या भावापेक्षा दिरहममागे ५५ पैसे जास्त होता. दोन ठिकाणी विचारलं, दुसऱ्याने आठ पैसे कमी सांगितले, ते दाखवल्यावर आमच्या शाखेनेही कमी केले. म्हणजे विचारावं लागतं, आपणहून कुणी कमी करत नाही. पण त्यानंतर ३८ खरेद्या झाल्या आणि एकीतही फिल्सचा, म्हणजे दिरहमच्या शंभराव्या भागाचाही फरक नाही. १८.२५ चं बिल, १८.२५ गेले. मेट्रोच्या मशीनवर, सुपरमार्केटात, टॅक्सीत, सगळीकडे पहिल्या झटक्यात चाललं. तेव्हा माझं मत बदललं आहे. कार्ड चांगलं आहे, आत काय भरलं आहे ते बघा. फक्त हॉटेलात उतरणार असाल तर अनामत रकमेसाठी हे देऊ नका. ती रक्कम अडकून पडते आणि सुटायला दिवस लागतात, त्यासाठी क्रेडिट कार्ड ठेवा.

उरलेले २१२ दिरहम मी परत रुपये करून घेतले नाहीत. विकताना पुन्हा त्यांचा कमी भाव लागतो. ऑक्टोबरमध्ये बाळाचा पहिला वाढदिवस आहे, तेव्हा लागतीलच. कार्ड पडून राहिलं तर काही कापतात का, हे मात्र मी लेखी विचारून घेतलं. नाही असं उत्तर आहे, ते वहीत चिकटवलं आहे.

शाखेला एक अर्जही दिला आहे. फॉर्मवर "कोणत्या देशात जाणार" हा प्रश्न सर्वांत वर घ्यावा आणि त्या देशाचं चलन आधी दाखवावं, एवढीच मागणी. पोच घेतली आहे. दोन महिने झाले, उत्तर नाही. सोमवारी स्मरणपत्र घेऊन जाणार आहे.