घरपट्टी भरणा आणि ते बिल: पाचपैकी साडेतीन तारे

आमची नगरपालिका सातारा जिल्ह्यातली. गावाचं नाव घालत नाही, काउंटरवरच्या पोरांना उगाच ताप नको. मागं राहतं घर, रस्त्याकडच्या खोलीत माझी पिठाची गिरणी. त्यामुळं बिलात निवासी, बिगरनिवासी दोन्ही आकारणी येतात.

भरणा सोपा झालाय, त्यात वाद नाही. मालमत्ता क्रमांक टाका, क्यूआर स्कॅन करा, पावती मोबाइलवर. फक्त मार्चअखेरीच्या नादी लागू नका. वेबसाइट तेव्हाच लटकते, आणि वसुली पथकही तेव्हाच दारात येतं. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, म्हणून मी बिल आलं की लगेच मोकळी होते.

दीड तारा कापलाय तो बिलासाठी. करयोग्य मूल्याचा, म्हणजे ज्यावर घरपट्टी ठरते त्या रकमेचा, नुसता आकडा छापतात. तो आला कुठून, पत्ता नाही. कायद्याचा हिशेब असा, की जागेला वर्षाचं भाडं किती येईल ते धरायचं आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. माझा आकडा मला फुगलेला वाटला म्हणून आकारणीचा उतारा मागितला. बघते तर कधीच पाडलेली पत्र्याची शेड त्यात अजून उभी! "काकू, आता चतुर्थ वार्षिक आकारणीला हरकत घ्या," काउंटरवरचा पोरगा म्हणाला. ही आकारणी चार वर्षांतून एकदा. म्हणजे तोवर नसलेल्या शेडची पट्टी मी भरायची.

खाली शिक्षण कर, आणि गिरणीमुळं रोजगार हमी कर. "ते आपलं नाही, सरकारला जातं," हेही त्यानंच सांगितलं. खरंच आहे. १९६२ च्या कायद्यानं पालिका हे दोन्ही कर गोळा करते आणि राज्याकडं भरते. शिव्या मात्र सगळ्या बिलाच्या पालिकेलाच.

माझे वडील जकात नाक्यावर कारकून होते. रात्रीबेरात्री ट्रक अडवायचे, पण रोजचा पैसा रोज पालिकेच्या तिजोरीत पडायचा. १९९९ ला नगरपालिकांची जकात गेली, बदल्यात मुंबईहून सहायक अनुदान यायला लागलं. ते लांबलं की पगार लांबतात. सांगली महापालिकेत जकातीनंतर एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापारी रस्त्यावर उतरले, २०१५ मध्ये बहुतेकांचा तोही माफ झाला. पुण्यानं २०१७ मध्ये पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. आमच्यासारख्या गावाला कोण कर्ज देणार? हातात आपली म्हणावी अशी घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. पंधराव्या वित्त आयोगानं तर अनुदानासाठी घरपट्टीची वसुली वाढवण्याची अट घातली. पथक एवढं कडक का झालंय, ते त्यावरून कळतं.

बिलाच्या मागं स्वच्छतेची जाहिरात असते. तिथं गेल्या वर्षी किती घरपट्टी जमली, अनुदान किती आलं, पगारावर किती गेले, एवढं छापलं तर अर्धा तारा वाढवीन. उरलेला शेड उतरवल्यावर.

आणि हो, उतारा मागायला सकाळी जा. जेवणाच्या सुट्टीनंतर रेकॉर्डवाला टेबलावर सापडत नाही.