जुना फ्लश ठेवावा की कमी पाण्याचा कमोड बसवावा?

बाथरूमचं काम काढलं की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण खोक्यावरचा लिटरचा आकडा बघून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर आकड्याआधी भांडं बघा.

तरी हिशेब मांडूच. जुन्या टाक्या एका फ्लशला 13 लिटरच्या आसपास पाणी सोडतात. घरात चार माणसं आणि प्रत्येकाचे दिवसाला पाच फ्लश धरले तर 260 लिटर झाले. 6 लिटरच्या टाकीत तेच 120 वर येतं. दोन बटणांची 6 आणि 3 लिटरची टाकी असेल आणि पाचपैकी चार वेळा छोटं बटण दाबलं तर 72 लिटरमध्ये भागतं. मात्र छोटं बटण कोणतं ते घरात सगळ्यांना दाखवून ठेवा, पाहुण्यांनासुद्धा.

‘कमी पाण्याचा कमोड तुंबतो’ ही तक्रार उगीच पसरलेली नाही. अमेरिकेत 1992 च्या कायद्याने साधारण 6 लिटरची मर्यादा घातली, ती 1994 पासून लागू झाली. तेव्हा अनेक उत्पादकांनी भांडं जुनंच ठेवून फक्त पाणी कमी केलं. सायफनच्या भांड्यात पाणी एकदम वेगाने उतरलं तरच मागची नळी पूर्ण भरते आणि घाण ओढली जाते. तेवढा लोंढा मिळेना, म्हणून लोक दोनदा-तीनदा फ्लश करायचे आणि बचत तिथेच संपायची. पुढे टाकीच्या तळाचं तोंड मोठं झालं आणि मागचा ट्रॅप, म्हणजे तीच मागची नळी, रुंद व गुळगुळीत झाला. 2003 पासून तर सोयाबीनच्या लगद्याचे गोळे टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जातं हेही मोजतात. असा आकडा मिळतो का ते नक्की विचारा, 350 ग्रॅमच्या खाली जाऊ नका.

जुन्या सायफनच्या कमोडची एक गोष्ट मात्र मला आजही आवडते. त्यात पाण्याचा साठा पसरट असतो, त्यामुळे भांड्याला डाग कमी धरतात. नव्यांपैकी जे पाण्याच्या जोरावर ढकलतात, त्यांत साठा लहान असतो आणि ब्रश जास्त वेळा हातात घ्यावा लागतो. तुंबण्याचा त्रास मात्र त्यांत कमी, कारण वाट मोठी असते.

सांडपाण्याची नळी लांब आणि जवळजवळ सपाट असेल तर घाई करू नका. थोड्या पाण्यात मैला मध्येच अडतो. आधी प्लंबरकडून उतार तपासून घ्या. भिंतीपासून सांडपाण्याच्या नळीच्या तोंडाचं अंतरही मोजून ठेवा, नाहीतर आणलेलं भांडं बसणारच नाही.

बदल लगेच जमत नसेल तर जुन्या टाकीत वीट टाकू नका. ती विरघळत जाते आणि तिचा चुरा वॉशरखाली अडकतो. पाण्याने भरलेली बाटली चालते, पण फ्लश अपुरा पडू लागला तर काढून टाका. आणि आज रात्रीच टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका. अर्ध्या तासाने फ्लश न करता भांड्यात बघा. पाण्याला रंग आला असेल तर वॉशर गळतोय. कमोड जुना असो वा नवा, आधी तो वॉशर बदला.