क्लासिक गाडीचं वजन कमी करून देणाऱ्यांपासून सावध राहा

क्लासिक गाडीचं वजन उतरवून देतो म्हणणारा कुणी 'आधी' आणि 'नंतर' अशा काट्याच्या दोन पावत्या पुढे ठेवत असेल, तर नुसत्या पावत्यांवर जाऊ नका. पावत्या खऱ्या असतात, काटाही खरा असतो, आणि तरीही तुम्हाला गंडा घातलेला असतो. माझ्या बाबतीत हे कसं झालं ते तपशिलात लिहितोय. तो माणूस आजही काम घेतो आहे. त्याची पद्धत कळली तर निदान पुढचा तरी वाचेल.

माझी गाडी १९६० च्या दशकातली, दोन दारांची, लहान इंजिनाची. इंजिनाला हात लावायचा नव्हता. मूळ इंजिन आणि मूळ गिअरबॉक्स तसेच ठेवून फक्त अंगावरचं ओझं कमी करायचं होतं. हा विचार मला आजही पूर्ण पटतो. ताकद वाढवली तर गाडी फक्त पळते जोरात. वजन उतरवलं तर ती उचल चांगली घेते, थांबते लवकर, वळणावर हलकी वाटते, आणि जुन्या ब्रेकवरचा, बेअरिंगवरचा ताणही कमी होतो. त्यातही चाकाचा एक किलो उतरवणं फार मोलाचं, कारण चाकं स्प्रिंगच्या खाली असतात आणि शिवाय फिरतही असतात.

वर्कशॉपच्या मालकाला हे सगळं माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसला. १९७२ च्या बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलचं बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारं ॲल्युमिनियमची होती, हे त्याने सांगितलं. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएसच्या हलक्या प्रकारात पातळ पत्रा आणि पातळ काच वापरून टूरिंग प्रकारापेक्षा जवळपास १०० किलो वाचवले होते, हेही सांगितलं. यातलं काहीच खोटं नाही. अशी माणसं पहिल्या भेटीत खोटं बोलतच नाहीत. दहा खऱ्या गोष्टी सांगून झाल्या की अकरावी आपण तपासत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

त्याने लिहून दिलं ते असं: कार्बन फायबरचं बॉनेट, मॅग्नेशियमच्या रिम, पॉलिकार्बोनेटच्या बाजूच्या आणि मागच्या काचा, लिथियम बॅटरी, हलक्या पुढच्या सीट आणि महत्त्वाच्या जागी टायटॅनियमचे बोल्ट. एकूण घट ११० किलो. काम सुरू होण्याआधी त्याने गाडी काट्यावर नेली, पावती आली ९८० किलोची. काम संपल्यावर त्याच काट्यावरची दुसरी पावती त्याने हातात ठेवली, ८७० किलोची. बरोबर ११०. उरलेली रक्कम त्याने तिथेच वसूल केली.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा पेट्रोलचा काटा तळाला होता. स्टेपनी वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडली होती, "पंक्चर बघून ठेवतो" म्हणाला. मागची सीट रेक्झिन बदलायला गेली होती. जॅक आणि पान्यांची पिशवी स्टेपनीसोबतच. या सगळ्या वस्तू नंतर एकेक करून परत आल्या. त्याने त्यातली एकही ठेवून घेतली नाही, म्हणून त्या वेळी शंकाही आली नाही.

शंका आली ती गाडीच्या उंचीवरून. मागे एकदा अलाइनमेंट करताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी वहीत लिहून ठेवलं होतं. नुसतं पुढचंच वजन ५० किलोने उतरलंय असा त्याचा दावा होता. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावरून २५ किलो, साधारण २४५ न्यूटन. माझ्या गाडीला पुढे चाकापाशी एक मिलिमीटर दबायला सुमारे २० न्यूटन लागतात. या हिशेबाने गाडीचं तोंड १२ मिलिमीटर वर यायला हवं होतं. आलं होतं चार. त्याला विचारलं तर म्हणाला, "रबरी बुश बसायला वेळ लागतो." वजन कमी झाल्यावर गाडी वर येते, त्यात सस्पेन्शनच्या सांध्यातले हे रबरी बुश बसायचा काय संबंध, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

मग मी टाकी भरली, स्टेपनी, जॅक, पाने, मागची सीट सगळं जागेवर ठेवलं आणि त्याच काट्यावर गाडी घातली. ९४० किलो! पहिली पावती भरल्या टाकीची होती, दुसरी रिकाम्या गाडीची. पेट्रोल लिटरला सुमारे ०.७४ किलो भरतं, म्हणजे ४५ लिटरचे ३३ किलो झाले. स्टेपनी १५, मागची सीट १६, जॅक आणि पाने ६. हे ७० किलो माझ्या गाडीतून कधी उतरलेच नव्हते, पावती काढायच्या वेळेपुरते बाजूला ठेवले होते. शिवाय ट्रकच्या काट्यावर आकडा १० किंवा २० किलोच्या टप्प्याने येतो, त्यामुळे लहान गाडीसाठी तो तसाही ढोबळच. चारही चाकांखाली स्वतंत्र वजनपट्टे ठेवून मोजलं तरच नेमका आकडा मिळतो, आणि कुठल्या चाकावर किती भार आहे तेही कळतं.

उरलेल्या ४० किलोत तरी कबूल केलेला माल होता का, हे पाहायला मी सगळं उघडायला घेतलं. इथून पुढचं जास्त गंभीर आहे.

रिमपासून सुरुवात केली. लोहचुंबक चिकटत नव्हतं, पण ते ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि मॅग्नेशियमलाही नाही. एक रिम टायर काढून लटकत्या काट्याला टांगली, ६.२ किलो भरली. तशीच टांगलेली पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवली. तळाला आणि कडांना टेकू दिली नाही, अडकलेले बुडबुडे हाताने पुसून काढले. काटा ३.९ वर आला. म्हणजे घट २.३ किलो. ६.२ ला २.३ ने भागलं की २.७ येतात, म्हणजे रिमची घनता पाण्याच्या २.७ पट, आणि ॲल्युमिनियमची घनता तीच. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची १.८ च्या आसपास असते. या रिम मॅग्नेशियमच्या असत्या तर पाण्यात काटा २.८ च्या जवळ यायला हवा होता. हा प्रयोग कुणालाही करता येतो, रिमला ओरखडाही पडत नाही. दुकानदाराला आधीच सांगून ठेवावं की मी असं मोजणार आहे. माल खरा असेल तर त्याला हरकत असायचं कारण नाही.

ॲल्युमिनियमच्या रिममध्ये वाईट काही नाही, चांगल्या बनवलेल्या असतील तर त्या उत्तमच. पण या रिमच्या मागच्या बाजूला किती भार पेलतात याचा आकडा नव्हता, जेडब्ल्यूएलसारखी (रिमच्या मजबुतीचं जपानी मानक) कुठली खूणही नव्हती. जिथे खूण असायला हवी तिथे घासून रंग मारला होता. अशा रिमवर मी माझ्या माणसांना बसवणार नाही.

बॉनेटवर वरून कार्बनची तिरपी वीण सुरेख दिसत होती. आतली बाजू काळ्या रंगाने रंगवलेली. बिजागरीपाशी बोल्टखालचा रंग खरवडला तर पांढुरक्या काचतंतूंची चटई निघाली. वर एक थर कार्बनचा आणि खाली सगळं फायबरग्लास. मूळ लोखंडी बॉनेट १६ किलोचं, हे १२ चं. कार्बनचं म्हणून कुणी बॉनेट दिलं तर आतली बाजू रंगवू नका असं आधीच बजावा.

काचांचं वजनावरून कळत नाही, कारण पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक दोन्हींची घनता १.२ च्या आसपास आणि दोन्ही काचेच्या निम्म्याहून हलके. फरक आहे तो फुटण्यात. पॉलिकार्बोनेट वाकतं, ॲक्रिलिकचे धारदार तुकडे होतात. माझ्या मागच्या काचेच्या कडेला रबराखाली थोडी जादा पट्टी होती. ती कापून पकडीत धरून वाकवली. कट् आवाज आला आणि दोन तुकडे झाले. आपल्या मागे, मानेच्या उंचीला हे बसवलेलं होतं.

सगळ्यात जास्त चीड मला बोल्टची आली. निळसर-जांभळी झाक असलेले, दिसायला देखणे बोल्ट त्याने टायटॅनियमचे म्हणून लावले होते. इथेही चुंबक कामाचं नाही, कारण नेहमीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही, आणि तापवलं की त्यालाही तसाच रंग चढतो. टायटॅनियमची घनता ४.५, स्टेनलेसची जवळपास ८. जुना लोखंडी बोल्ट ४० ग्रॅमचा असेल तर त्याच मापाचा टायटॅनियमचा २३ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. जुना आणि नवा बोल्ट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवले तर आकडे जवळजवळ सारखेच. म्हणजे वजन एका ग्रॅमनेही उतरलं नव्हतं, आणि ताकद मात्र कमी झाली होती. नेहमी मिळणाऱ्या ए२-७० ग्रेडच्या स्टेनलेसची ताणशक्ती, म्हणजे किती ताणाला तुटतो तो आकडा, ७०० मेगापास्कल. ८.८ ग्रेडच्या लोखंडी बोल्टची (हा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो) ८००, १०.९ ची १००० च्या वर. माझ्या गाडीत ब्रेक कॅलिपर आणि सस्पेन्शनला १०.९ चे बोल्ट होते. ते काढून तिथे त्याने हे लावले, आणि डोक्यावरच्या खुणाही घासून टाकल्या. या गाडीतून माझ्या घरचे लोक फिरले आहेत. पैसे गेल्याचं दुःख एका बाजूला, पण हे मी विसरू शकत नाही.

आणि भोकं. सीटखालच्या पट्ट्यांना आणि पुढच्या चाकांच्या आतल्या पत्र्याला त्याने २० मिलिमीटरची भोकं पाडली होती. रेसिंगच्या गाड्यांत असतात, म्हणाला. दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून असं एक भोक पाडलं की पावणेचार ग्रॅमसुद्धा निघत नाहीत. तीस भोकं पाडा, ११० ग्रॅम. त्यासाठी सस्पेन्शनचा भार घेणारा पत्रा कमजोर करून ठेवला. रेसिंगच्या कामात भोकाची कड वळवून घेतात, त्यामुळे पत्र्याचा ताठपणा टिकतो. इथे ड्रिल मारून तसंच सोडलेलं, कडेवर चरे, आणि एका भोकापासून बारीक चीर निघायला लागली होती.

लिथियम बॅटरी तेवढी खरी निघाली. जुनी १६ किलोची, ही ५ ची. पण जुन्या डायनॅमोचा यांत्रिक रेग्युलेटर तसाच ठेवला होता आणि या बॅटरीला व्होल्टेज १४.६ च्या वर गेलेलं चालत नाही. तो रेग्युलेटर मी लगेच बदलून घेतला.

हे सगळं घेऊन त्याच्याकडे गेलो तेव्हा आधी चालढकल झाली, मग उडवाउडवीची उत्तरं, आणि शेवटी त्याने सरळ हात वर केले. "११० किलोची पावती तुमच्याकडेच आहे ना?" मी माझे मूळ भाग परत मागितले: बॉनेट, पुढच्या सीट, काचा, लोखंडी रिम. "ते भंगारात गेले." काही काळाने माझंच बॉनेट मला एका विक्रीच्या फोटोत दिसलं, 'मूळ कंपनीचं, दुर्मीळ' म्हणून. डाव्या बिजागरीपाशी पितळेची जुनी डागणी आहे, ती मी कुठेही ओळखेन. तेव्हा लक्षात आलं की त्याचा खरा धंदा हाच आहे. हलके भाग विकण्यात त्याला मिळतं ते मिळतंच, पण ज्यांचं उत्पादन कधीच थांबलंय असे मूळ भाग त्याला फुकट मिळतात, आणि वर ते काढायची मजुरीही आपणच देतो.

लेखी तक्रार केली, फोटो, पाण्यातल्या वजनाच्या नोंदी आणि तिन्ही पावत्या जोडल्या. थोडी रक्कम परत मिळाली, बॉनेट नाही. पावत्यांवर टाकीत किती पेट्रोल होतं याची नोंद नव्हती, आणि वाद तिथेच अडकला.

तेव्हा कुणाचं असं काम सध्या चालू असेल, तर पुढचा हप्ता देण्याआधी एवढं करून घ्या. काढलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी घरी आणा, अडगळ झाली तरी चालेल. नवा भाग गाडीला लागण्याआधी तुमच्यासमोर, जुन्या भागाशेजारी काट्यावर ठेवायला लावा, आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. संपूर्ण गाडीचं वजन करताना टाकी दोन्ही वेळा काठोकाठ भरा, स्टेपनी आणि सीट जागेवर आहेत ना ते डिकी उघडून बघा, आणि काट्याच्या आकड्यासकट उघड्या डिकीचा फोटो काढा. ब्रेक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या बोल्टना तर हात लावूच देऊ नका. तिथे वाचून वाचून काही ग्रॅम वाचतात. लावले असतीलच तर डोक्यावरची खूण आजच्या आज तपासा, आणि खूण नसेल तर बोल्ट बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.