ट्रेलो : ठिबकच्या कामांचा फळा

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागांना ठिबक सिंचन बसवून देणाऱ्या आमच्या सात जणांच्या गटाने गेल्या हंगामापासून कामाच्या नोंदींसाठी ट्रेलो वापरायला घेतले. २०११ मध्ये आलेले आणि २०१७ पासून अटलॅशियन या सॉफ्टवेअर कंपनीकडे असलेले हे सॉफ्टवेअर कानबान पद्धतीवर चालते. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यांत रुजलेल्या या पद्धतीत प्रत्येक काम कार्डावर लिहून ते टप्प्याटप्प्याने पुढच्या रकान्यात सरकवले जाते.

ट्रेलोच्या पडद्यावरच्या फळ्यावर आम्ही मोजणी, अंदाजपत्रक, साहित्य, जोडणी आणि चाचणी असे रकाने केले. जबाबदार माणूस, मुदत, तपासयादी आणि शेताचे छायाचित्र एकाच कार्डावर राहत असल्याने, कोणत्या बागेत फिल्टर पोहोचला आणि कुठे लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्या, अंथरायच्या राहिल्या, हे विचारण्यासाठी करावे लागणारे फोन खरोखरच कमी झाले. शिकायला दोन दिवस पुरले. काम संपताच कार्ड सरकवण्याची सवय लागायला मात्र महिना गेला, आणि माझ्या मते खरे शिकणे तेच आहे. फिटर मंडळी मराठीतून नोंदी टाकू लागल्यावरच फळा रोजच्या रोज भरू लागला.

एकमेकांवर अवलंबून असलेली पुष्कळ कामे एकाच वेळी आखायची असतील, तर गँट तक्त्यावर, म्हणजे कामांचा कालावधी आणि क्रम आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर, भर देणारे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे पडेल. आमच्याएवढ्या गटाला मात्र हा फळा पुरतो.